हातचा सुटायला लागला तर: नैराश्यात डोकं चालत नाही तेव्हा काय करायचं

मी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी. सव्वीस वर्षं बेरजा तोंडी केल्या. रव्यांचं, म्हणजे गुळाच्या ढेपांचं वजन, सौद्याचा भाव, त्यातून हमाली-तोलाई वजा, की शेतकऱ्याच्या हातात हिशेबाची पट्टी. कॅल्क्युलेटर टेबलावर असायचा तो शोभेला. एका हंगामात आठ आणि सात पंधरा, पाच लिहिले, हातचा एक... आणि तो एक कुठं गेला तेच कळेना. परत वरून बेरीज, परत तिथंच गाडी अडली. समोरचा शेतकरी म्हणाला, "दिवाणजी, काय हुडकालाय?" एक हुडकालोय, असं कसं सांगायचं?

आधी वाटलं साखर वाढली असेल. मग वाटलं वय झालं. त्यानंतरचे चार महिने मी असं धरून चाललो की आपण मुळातच कामाचे नव्हतो, इतकी वर्षं नशिबानं निभावलं. डॉक्टरांनी 'डिप्रेशन' हा शब्द काढला तेव्हा मी म्हणालो, "पण मी रडत वगैरे नाही हो." ते म्हणाले, "रडायलाच पाहिजे असं कुठंय?"

ज्यांना नुकतंच नैराश्याचं निदान झालंय, किंवा ज्यांच्या घरात कुणाला झालंय, आणि मनापेक्षा डोक्याचंच काहीतरी बिनसलंय अशी भीती वाटतेय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. स्वतः गेलोय त्या वाटेनं, वाटेत बरंच विचारून घेतलंय, आणि खड्डे कुठं आहेत ते माहीत आहे.

आधी ओळखा

नैराश्याच्या निदानासाठी डॉक्टर जी ९ लक्षणं बघतात त्यातलं एक सरळसरळ हेच आहे: विचार करणं, लक्ष लावणं किंवा निर्णय घेणं जड जाणं. किमान २ आठवडे, जवळजवळ रोज. नऊपैकी पाच तरी असावी लागतात, आणि त्यात मन उदास असणं किंवा कशातच रस न उरणं यातलं एक हवंच. माझ्यात रस गेला होता. पाडव्याचे मुहूर्ताचे सौदे म्हणजे आमचा सण, त्या दिवशीही मी घड्याळाकडं बघत बसलो होतो. पण ते लक्षण आहे हे मला कोण सांगणार?

तर डोक्याचं काय होतं? पहिलं म्हणजे हातचा. एक गोष्ट मनात धरून दुसरी करायची, ही जी सोय मेंदूत असते ती लहान होते. फोनवर ऐकलेला नंबर वहीपर्यंत पोचत नाही. स्वयंपाकघरात गेलेली बाई ओट्यापाशी उभी राहते, कशाला आले ते आठवत नाही. मीठ दोनदा पडतं किंवा पडतच नाही.

दुसरं, वेग. केएमटीच्या बसमध्ये कंडक्टर "कुठं?" म्हणतो, आणि तो प्रश्न कानातून आत पोचेपर्यंत तो पुढच्या सीटवर गेलेला असतो. लोकांना वाटतं हा घमेंडीत आहे.

तिसरं, निर्णय. कपिलतीर्थ मंडईत मेथी घ्यावी का पोकळा, या प्रश्नावर मी एकदा इतका वेळ उभा होतो की भाजीवाल्या मावशींनी दोन्हीच्या पेंड्या पिशवीत टाकल्या आणि म्हणाल्या, "जावा आता घरला." चांगलं केलं त्यांनी.

चौथी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. आठवणी ढोबळ होतात. आनंदाचा एखादा दिवस सांगा म्हटलं तर माणूस "लहानपणी सुट्टीत गावी जायचो तेव्हा" असं काहीतरी सांगतो. एक विशिष्ट दिवस, त्या दिवशीचं ऊन, सोबत कोण होतं, हे येत नाही. इंग्लंडमध्ये मार्क विल्यम्स आणि किथ ब्रॉडबेंट यांनी १९८६ मध्ये आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या लोकांत हे पहिल्यांदा नीट दाखवलं, नंतर नैराश्यातही ते सापडत गेलं. याचा व्यवहारातला तोटा मोठा आहे. मागच्या वेळी अडचणीतून कसा बाहेर पडलो होतो ते नेमकं आठवत नाही, म्हणून आता मार्ग दिसत नाही. "माझं सगळं आयुष्यच असं गेलं" असं आजारी माणूस म्हणतो ते नाटक नसतं. त्या घडीला त्याला खरंच तेवढंच दिसत असतं.

असं का होतं याचं एक कारण मला पटलं. टेबल एकच असतं. त्यावर दिवसभर तेच ते विचार पसरलेले असतात: माझं चुकलं, लोक काय म्हणतील, पुढं कसं होणार. मग पट्टीचा कागद ठेवायला जागा कुठं? त्यात झोप तुटलेली. मेंदूचा पुढचा भाग, जो लक्ष आणि नियोजन सांभाळतो, तो या काळात नीट साथ देत नाही हेही तपासण्यांत दिसलंय. बुद्धी मात्र जाग्यावर असते, ती गोळा करायला वेळ लागतो.

आठ दिवस वही लिहा

डॉक्टरकडं जायच्या आधी हे करा, किंवा वेळ ठरल्यावर मधल्या दिवसांत. दोनशे पानी नको, खिशात मावेल अशी. रोज तीन-चार ओळी. किती वाजता झोपलो, किती वाजता जाग आली, डोकं कुठं अडलं, कुठली गोळी घेतली. अडलं ते नेमकं लिहायचं. "आज विसरलो" याचा उपयोग नाही. "गॅस चालू ठेवून दूध आणायला गेलो", "पेपरची एक बातमी चारदा वाचली, तरी काय वाचलं ते सांगता येईना" हे उपयोगाचं.

पेपरचं उदाहरण सहज दिलेलं नाही. नैराश्य मोजायला पीएचक्यू-९ नावाची ९ प्रश्नांची छोटी यादी जगभर वापरतात, मराठीतही आहे. त्यातला ७ वा प्रश्न पेपर वाचताना किंवा टीव्ही बघताना लक्ष लागतं का हाच आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा वर गेली तर नीट तपासणी करून घ्यायची असं साधारण धरतात. यादी भरली म्हणजे निदान झालं असं नाही. ९ व्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या विचारांच्या प्रश्नाला, शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर बेरजेची वाट न बघता त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं.

वही लिहिताना आणखी एक कळतं, दिवसाची कुठली वेळ बरी जाते ते. बऱ्याच जणांची सकाळ सगळ्यात वाईट असते. माझं डोकं दुपारी चारनंतर उघडायचं. हे पुढं कामाला येतं.

कुठं आणि कसं दाखवायचं

आपल्याकडं सरकारी सोय म्हणजे सीपीआर, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, टाऊन हॉलच्या समोर. शाहू महाराज वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. खिडकीवर केसपेपर काढायचा आणि मानसोपचार विभाग विचारायचा. लवकर जा, रांग असते. तालुक्याच्या गावात असाल तर ग्रामीण रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाबद्दल विचारा. खासगी मानसोपचारतज्ज्ञ राजारामपुरी, शाहूपुरी भागात आहेत. ओळखीचं कुणी बघेल म्हणून लोक कोल्हापूर सोडून सांगलीला जातात, मिरजेला जातात. जायचं तर जा. पण दर महिन्याला तेवढा प्रवास जमणार आहे का, एवढं बघा. मी सीपीआरलाच गेलो आणि रांगेत आमच्याच यार्डातला एक हमाल भेटला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि चहा प्यायला गेलो.

बोलता येत नसेल, निघवत नसेल, तर १४४१६ वर फोन करा. टेली-मानस, केंद्र सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.

सोबत एक माणूस न्या. लाज वाटते म्हणून एकटे जाऊ नका, कारण डॉक्टर जे सांगतील त्यातलं निम्मं तुमच्या डोक्यात राहणार नाही. याच आजारासाठी तर तुम्ही गेलाय. सोबतच्यानं लिहून घ्यायचं. आत गेल्यावर "बरं वाटत नाही" म्हणून गप्प बसू नका. झोप, भूक हे डॉक्टर विचारतातच, डोक्याचं राहून जातं. वही पुढं करा.

डॉक्टरांनी मला शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. सव्वीस वर्षं आकडेमोड केलेला माणूस मी. त्र्याण्णव, शहाऐंशी... आणि गाडी थांबली. घाम फुटला. त्यांनी काहीच न बोलता पेपरवर लिहिलं, आणि पहिल्यांदा मला वाटलं, हे कुणीतरी आजार म्हणून लिहून घेतलं.

रक्ताच्या तपासण्या टाळू नका. थायरॉईड कमी असेल, बी-१२ कमी असेल, रक्त कमी असेल, साखर वरखाली होत असेल, तरी डोकं असंच मंद होतं, आणि हे सगळं नैराश्याच्या जोडीनंही असू शकतं. रात्री मोठ्यानं घोरत असाल आणि दिवसा पेंग येत असेल तर तेही सांगा, झोपेत श्वास अडकत असेल तर सकाळी डोकं जडच उठणार. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. झोपेसाठी म्हणून चालू असलेली अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डोकेदुखीसाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलीन, सर्दीच्या काही गोळ्या, यांनी विसरभोळेपणा वाढतो. पण हे वाचून मनानं बंद करू नका. झोपेच्या गोळ्या एकदम सोडल्या तर उलटतात. आणि दारू किती, ते खरं सांगा. शुद्ध शाकाहारी असल्याच्या थाटात खोटं बोलणारे मी वेटिंगमध्ये बघितलेत.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर आणि दवाखान्यावर बंधनकारक आहे. विमा कंपन्यांनीही मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायचा असं त्यात लिहिलंय. पॉलिसीचा कागद काढून बघा.

ज्योतिबाला जायचंय, अंबाबाईची ओटी भरायचीय, जरूर जा. मीही खेटे घातले. गोळी खिशात होती.

गोळी सुरू झाल्यावर

गोळीचा फरक दिसायला दोन ते चार आठवडे जातात, पुरता गुण यायला सहा ते आठही. पहिल्या आठवड्यात मळमळ, पेंग, थोडी बेचैनी होऊ शकते, आणि नेमकं तेव्हाच लोक "मला हे मानवत नाही" म्हणून सोडतात. डॉक्टरांना फोन करा, वेळ बदलून मिळते, मात्रा बदलते. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर गोळी चालू ठेवायला सांगतात.

गोळीबरोबर बोलण्याचे उपचार मिळत असतील तर घ्या. त्यात जे करतात त्यातलं एक घरीही जमतं: मन होईल तेव्हा करायचं असं न ठेवता, ठरलेल्या वेळी ठरलेली छोटी गोष्ट करायची. माझी छोटी गोष्ट होती रंकाळा. पूर्ण फेरी नाही, संध्यामठ दिसेपर्यंत जायचं आणि परत. चालण्यानं मन आणि डोकं दोन्हींना थोडी मदत होते हे अभ्यासांतही दिसलंय.

स्मरणशक्तीची टॉनिकं, मोबाइलमधले बुद्धी वाढवायचे खेळ, यांवर पैसे घालू नका. खेळानं खेळ चांगला येतो, पट्टी येत नाही.

डोक्यातलं कागदावर उतरवा

बरं होईपर्यंत काम तर करायचंय. माझ्या अनुभवात इथंच सगळ्यात जास्त फायदा आहे, आणि इथंच अहंकार आडवा येतो. मला बेरजेत हातचा पेन्सिलीनं वर लिहायला लाज वाटायची, तिसरीतली पोरं लिहितात तसा. ज्या दिवशी लिहायला लागलो त्या दिवसापासून पट्ट्या चुकायच्या थांबल्या.

एकच वही ठेवा. चिठ्ठ्या, कॅलेंडरचा कोपरा, हातावर पेनानं, असं चार ठिकाणी लिहिलं तर कुठं लिहिलं ते विसरता. किल्ली, चष्मा, मोबाइल, गोळ्या यांना एक ताट द्या, दाराजवळ. गोळ्यांसाठी वारांचे कप्पे असलेला डबा मेडिकलमध्ये मिळतो. नाहीतर "घेतली का नाही?" या शंकेनं दोनदा घेतली जाते, ते धोक्याचं आहे. गॅसपाशी मोबाइलचा गजर लावा.

अवघड काम बऱ्या वेळेला. मी शेठजींना सांगून वसुलीचे फोन सकाळी आणि हिशेब चारनंतर असं करून घेतलं. कारण विचारल्यावर "औषध चालू आहे, सकाळी जड जातं" एवढंच सांगितलं. आजाराचं नाव सांगायचंच असं नाही. माणूस बघून ठरवा. एका वेळी एकच काम, आणि मध्ये कुणी आलं तर कुठवर आलो तिथं खूण करून मगच मान वर करायची.

रोजच्या बारीक निर्णयांचा भार कमी करा. आठवड्याच्या भाज्या रविवारी ठरवून टाका. पण मोठे निर्णय पुढं ढकला: राजीनामा, जमीन विकणं, भाऊबंदकीतली वाटणी, लग्न मोडणं किंवा जमवणं. डोक्यावर हे धुकं असताना कुठल्याही कागदावर सही करू नका. करावीच लागली तर विश्वासाच्या दोघांना वाचायला द्या.

दुचाकीचं नाव कुणी काढत नाही, म्हणून मी काढतो. लक्ष उडालेलं, त्यात पेंग आणणारी नवी गोळी, आणि कावळा नाक्याची गर्दी. पहिले काही दिवस मागं बसा, किंवा केएमटीनं जा. फौंड्रीत, कापणाऱ्या-दाबणाऱ्या मशीनवर काम असेल तर डॉक्टरांना आधी ते सांगा.

अभ्यासाला बसलेल्या पोरांचं, बारावीचं असो का एमपीएससीचं, वेगळं दुखणं आहे. दहा तास बसून काही शिरत नाही म्हणून ते बारा तास बसतात. पंचवीस मिनिटं वाचा, पुस्तक मिटून दोन ओळी लिहा, उठा. त्या दोन ओळी आल्या तर बास.

घरच्यांनी

"आत्ता तर सांगितलं होतं!" हे वाक्य महिनाभर बंद. माझी बायको एकदा दळणाचा डबा गिरणीत विसरून आलेल्या मला काही बोलली नाही, स्वतः जाऊन घेऊन आली आणि म्हणाली, "लिहून देत जाते उद्यापासून." तेवढ्यावर मी आठवडाभर जगलो.

एका वेळी एकच सांगा. "येताना दूध, आणि लाईट बिल भरा, आणि ताईंना फोन करा" यातलं शेवटचंच लक्षात राहतं. "काय खाणार?" ऐवजी "भात का भाकरी?" विचारा. उत्तराला वेळ द्या, वाक्य त्यांच्या तोंडातून काढून घेऊ नका. आणि लक्ष ठेवा: "माझ्यामुळं तुमचा त्रास वाढला", "मी नसलो तर बरं होईल" असं बोलणं आलं, वस्तू वाटायला सुरुवात झाली, तर थेट विचारा, जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्यानं ते डोक्यात भरत नाहीत. हो म्हटलं तर एकटं सोडू नका, शेतीची औषधं, गोळ्यांचे साठे घराबाहेर हलवा, १४४१६ ला फोन करा, आणि धोका समोर दिसत असेल तर ११२ किंवा सरळ सीपीआरचा अपघात विभाग.

घरात वयस्कर माणूस असेल तर

कागलच्या आमच्या आत्यांना सगळ्यांनी विसरण्याचा आजार ठरवून टाकला होता. निघालं नैराश्य. वृद्धांमध्ये नैराश्य हुबेहूब स्मृतिभ्रंशासारखं दिसू शकतं. लेस्ली किलोह या मनोविकारतज्ज्ञानं १९६१ मध्ये यावर लिहिलं तेव्हापासून डॉक्टरांना हे ठाऊक आहे. ढोबळ खूण अशी की नैराश्यात बदल काही आठवड्यांत होतो, माणूस स्वतःच "माझं डोकं गेलं" म्हणून तक्रार करतो आणि विचारलं की "माहीत नाही" म्हणतो. स्मृतिभ्रंशात तक्रार बहुधा घरचे करतात, आणि माणूस चुकीचं उत्तर ठणकावून देतो. पण दोन्ही एकत्रही असतात, आणि उतारवयातलं नैराश्य कधी पुढच्या स्मृतिभ्रंशाची सुरुवातही असतं, म्हणून घरच्या घरी निकाल लावू नका. नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्यावर वयस्कर माणूस अचानक गोंधळला, तोल जायला लागला, तर रक्तातलं सोडियम तपासायला सांगा. काही गोळ्यांनी ते उतरतं, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत.

मन सुधारतं, डोकं मागं राहतं

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. दोन-अडीच महिन्यांत मला भूक लागायला लागली, झोप आली, नातवाशी खेळावंसं वाटलं. घरचे म्हणाले, आता ठणठणीत. आणि हातचा मात्र अजून सुटत होता. मला वाटलं आता हे कायमचं. तसं नसतं, पण बऱ्याच जणांत मन सावरल्यावरही लक्ष आणि विचारांचा वेग काही काळ मागं राहतो. तेवढ्यात जुन्या वेगानं कामाला जुंपलं तर माणूस परत घसरतो. यार्डात मी पहिले दोन आठवडे अर्धा दिवसच गेलो.

अशा वेळी डॉक्टरांना "मन बरं आहे, डोकं नाही" असं सुटं करून सांगा. उरलेली उदासी आहे का, गोळीचीच सुस्ती आहे का, झोप कमी आहे का, हे ते तपासतात. गोळी बदलायचा विचारही होतो. व्होर्टिऑक्सेटीनसारख्या औषधाचा विचारांच्या वेगावर थोडा फायदा चाचण्यांत दिसलाय, पण ते ठरवायचं काम त्यांचं. मेडिकलवाल्याला नाव सांगून आणू नका.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी परत शंभरातून सात काढायला लावले. बहात्तरला अडलो, टेबलाखाली बोटं मोजली, पासष्ट म्हणालो. बोटं त्यांना दिसली असणार. हसले, आणि केसपेपरवर पुढची तारीख लिहिली, सहा आठवड्यांनंतरची. बाहेर आल्याआल्या मी ती वहीत उतरवून घेतली.